चिकटबाई जोड ऐकतात

आमच्या जिन्यात बातमी अशी होती की दुसऱ्या मजल्यावरच्या चिकटबाई लोकांच्या दारांना कान लावतात. तळमजल्यावरच्या इस्त्रीवालीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी कामावर निघालेल्या बाई आमच्या बंद दारापाशी थांबल्या, मान कलती करून उजवा कान दाराकडे नेला, मग वळून डावा नेला, आणि चेहरा असा केला की आत कुणी मृत्युपत्र वाचून दाखवत असावं. ही बातमी पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा बाईंच्या हातात पेला आला होता, दाराला लावून ऐकायला. तिसऱ्यावर पोचली तेव्हा असं ठरलं की बाई ऐकलेलं सगळं नवऱ्याच्या कानात ओततात आणि तो ते गावभर करतो. नवरा शिंपी. माप देताना माणूस हात वर करून उभा असतो, त्याला काहीही सांगितलं तरी पळून जाता येत नाही.

यातला कान खरा, बाकीचं सगळं जिन्याचं. बाईंना आमच्या घरातलं बोलणं ऐकायचंच नव्हतं. आमच्या घरात ऐकण्यासारखं असतं काय? बायको बोलते, मी हो म्हणतो. बाईंना एवढंच बघायचं होतं की दाराआडचा आवाज आपल्याला अजून ऐकू येतो का.

हे मला कळलं ते थट्टा करायला गेलो म्हणून. बाई संध्याकाळी कामावरून परतल्या तशी मी जिन्यातच त्यांना गाठलं आणि विचारलं, वहिनी, आमचं भांडण नीट ऐकू येतं ना, नाहीतर दार किलकिलं ठेवत जाऊ. एरवी असल्या टोमण्याची परतफेड बाई जागच्या जागी करतात आणि वर थोडं जास्तच देतात. त्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, बटणं आणायला बाहेर गेले होते.

"भाऊजी, आज सकाळी तुमच्याकडे रेडिओ चालू होता का?"

"होता की. चांगला मोठ्यानं."

"दार लावलेलं होतं म्हणून असेल मग."

मी आपला सवयीनं बोलून गेलो की दार कसलं, खाली इस्त्रीवालीला गाणं पाठ झालंय. बाई मास्तरांच्या स्टुलावर बसल्या. त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते आणि नखं निळसर जांभळी होती. नखांचं मला ठाऊक होतं, ती कामावरची शाई, कशानंही निघत नाही. पण त्या घडीला मी नखांवरून नजर उचलून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा करायला गेलेल्या माणसानं असा चेहरा बघायची तयारी केलेली नसते.

आता या बाई कोण ते सांगतो. चिकटबाई हे नाव आम्हीच पाडलेलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चिकटपट्टीच्या कारखान्यात काढली. प्लास्टिकची लांबच लांब फिल्म एका रोलवरून सुटायची, तिच्यावर गोंदाचा थर चढायचा, भट्टीतून वाळून ती दुसऱ्या रोलवर गुंडाळली जायची, आणि मध्ये बाई उभ्या. स्वभावही नावाला शोभेसा. एखादी गोष्ट डोक्यात बसली की सुटत नाही. मास्तर म्हणतात, लग्न जमवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि अजून तिथून निघालेलो नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा बाई घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं. त्या बसल्याही, पण महिनाभरात मास्तरांच्या प्रत्येक शिवणीत खोट काढून झाली आणि मास्तरांनीच हात जोडले. तेवढ्यात गावाबाहेरच्या शेडमध्ये एका डॉक्टरीणबाईंना थर चढवणारं माणूस हवंय असं कळलं. डॉक्टरीण म्हणजे नाडी बघणारी नव्हे, शाई बनवणारी. ही शाई अशी की तिच्यावर ऊन पडलं की वीज देते. छपरांवर असतात ते काचेचे सोलरचे पत्रे जड असतात, वाकत नाहीत. डॉक्टरीणबाईंची शाई पातळ फिल्मवर चढते, ती फिल्म गुंडाळून काखेत मारून नेता येते. बाईंनी एक पट्टी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली होती. तिच्यावर खेळण्यातला पंखा फिरायचा. ढग आला की थांबायचा. मी त्याला बाईंचा दुसरा नवरा म्हणायचो, कारण ऊन असेपर्यंतच कामाचा.

डॉक्टरीणबाईंची अडचण मात्र वेगळी होती. प्रयोगशाळेत त्या काचेच्या इवल्याशा तुकड्यावर शाईचा थेंब टाकायच्या आणि तुकडा गरगर फिरवायच्या. थेंब पसरून झकास थर व्हायचा, उरलेली शाई भांड्याच्या भिंतींवर उडून वाया जायची. तिकिटाएवढ्या तुकड्यावर वीज छान मिळायची, पण तिकिटं जोडून छप्पर होत नाही. मग त्यांनी शाई फवारून पाहिली, तर थर ठिपक्याठिपक्यांचा झाला. पात्यानं ओढून पाहिली, तर सुरुवातीला जाड आणि शेवटी विरलेला. शेवटी त्यांनी कुठून दूरवरून एक हेड मागवलं. पोलादाचे दोन ठोकळे, आरशासारखे घासलेले, आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी फट. फटीतून शाई येते आणि खालून सरकणाऱ्या फिल्मला अलगद लागते. फिल्म आणि हेडचे ओठ, म्हणजे फटीच्या कडा, यांच्यामध्ये अंतर किती, तर एखादं पोस्टकार्ड कसंबसं जाईल एवढं. शाईची कड त्या दोघांमध्ये तुटू न देता धरून ठेवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. मलाही तेलाची धार न मोडता ओतता येते, पण मैलभर नाही.

आणि जोड. सगळी भीती या जोडात आहे, म्हणून तो नीट सांगतो. फिल्म अखंड मिळत नाही, लहान लांबीच्या रोलांत मिळते, ते पारदर्शक चिकटपट्टीनं एकमेकांना जोडावे लागतात. जोडापाशी फिल्म जाड होते. तो जाडपणा हेडखालून जाऊ दिला तर ओठावर आपटतो. ओठाला टवका उडाला की पुढच्या प्रत्येक मीटरवर, टवका असेल तिथे, कोरी रेघ. रेघ आली की फिल्म कचऱ्यात. आणि हेड एकच. बाईंच्या आधी जो गडी होता त्यानं पहिल्या हेडला असाच टवका पाडला होता, आणि दुसरं येईपर्यंत अख्खी शेड हातावर हात ठेवून बसली होती. त्या गड्याचं नावही तिथे कुणी घेत नाही, नुसतं 'तो' म्हणतात.

म्हणून जोड आला की हेड उचलायचं, गेला की खाली. बाई हे कानानं करायच्या. हेडच्या अलीकडच्या रोलरवरून जोड गेला की टक् असा बारीक आवाज होतो, नखानं नख उडवल्यासारखा. तो ऐकायचा, दोन श्वास घ्यायचे आणि लिव्हर ओढायचा. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं की जोडांना लाल पट्टी लावू, लांबून दिसेल. बाईंनी मान उडवली. लाल पट्टी नवशिक्यांना, मला देवानं कान दिलेत, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. घरी येऊन आम्हालाही सांगितलं, आणि आम्हीही वा वा केलं.

तर असे ते कान. आणि आता आमचा रेडिओ त्यांना ऐकू येत नव्हता.

त्या दिवसापासून मी बाईंचा परीक्षक झालो. सकाळी मास्तर आंघोळीला गेले की बाई आपल्या दारात माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मी समोरच्या दारातून साध्या आवाजात काहीतरी बोलायचो. ऐकू आलं तर त्यांनी तेच परत म्हणायचं. मी मुद्दाम काहीबाही बोलायचो. मास्तरांनी शिवलेल्या माझ्या पँटमध्ये दोन माणसं मावतात. इस्त्रीवालीच्या नवऱ्यानं मिशी काढली आणि ती त्याला ओळखेना. डावीकडून बोललो की बाई जेमतेम म्हणून दाखवायच्या. उजवीकडून बोललो की पाठ तशीच स्थिर. पहिल्यांदा वाटलं हसू दाबतायत. मग त्यांनी हळूच विचारलं, "बोललात का?"

मी म्हटलं, नाही, अजून विषय शोधतोय.

या परीक्षांतून जिन्याला नवी बातमी मिळाली, की मी समोरच्या बाईंच्या पाठीमागे उभा राहून प्रेमाच्या गोष्टी करतो. माझ्या बायकोनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, ह्यांना समोर उभं राहून जमलं नाही, पाठीमागून काय जमणार.

इकडे मास्तर वेगळ्याच काळजीत. एके दिवशी माझ्या कोटाचं माप घेता घेता त्यांनी टेप तसाच माझ्या छातीवर धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले की ही आजकाल माझ्याशी बोलत नाही. मशीनवरून हाक मारतो, ढुंकून बघत नाही. मी काय केलंय ते तरी तिला विचारा. मी हात वर करून उभा होतो, त्यामुळे मलाही पळता येईना. काहीतरी थातुरमातुर बोललो. बाईंनी मला शपथ घातली होती. घरात कळलं तर ते शेडवर येऊन सगळ्यांसमोर विचारपूस करतील, असं त्यांचं म्हणणं, आणि मास्तरांना ओळखणारा कुणीही ते नाकारणार नाही.

मी बाईंना म्हटलं, डॉक्टरीणबाई भल्या आहेत, सांगून टाका, लाल पट्टी लावा आणि सुटा. बाई भांडी पुसत होत्या. पुसलेलंच ताट पुन्हा पुसत म्हणाल्या की बहिऱ्या बाईला कोण हेडपाशी उभं करेल, मला पॅकिंगच्या बाकावर बसवतील, खोक्यांना पट्ट्या मारायला. मग ताट खाली ठेवलं आणि जे बोलल्या ते मला अजून आठवतं.

"कान जायची भीती नाही वाटत, भाऊजी. जोड येतोय आणि मी तिथे हसत उभी आहे, ही भीती वाटते."

त्यानंतर मी काही दिवस थट्टा केली नाही. जिन्याला वाटलं मी आजारी आहे.

बाईंनी आपल्या परीनं एक तोड काढली, आणि ती तोड शिंप्याच्या बायकोलाच सुचावी अशी होती. मास्तरांच्या डब्यातून त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला. जोड बाईच लावायच्या, तेव्हा प्रत्येक जोडाच्या जरा अलीकडे, फिल्मच्या अगदी कडेला, जिथे शाई लागत नाही, तिथे त्या खडूची बारीक रेघ मारू लागल्या. रेघ दिसली की दोन श्वास, आणि लिव्हर. कानाचं काम डोळ्यांवर आलं. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. बाई घरी गुणगुणत आल्या, मास्तरांना बरं वाटलं, मलाही.

मग थरात पांढरे ठिपके दिसायला लागले. फिल्मच्या पट्ट्या वीज देईनात, काही जागच्या जागी जळून जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली पाहिलं, तर थरात खडे. आपल्याला ती धूळ वाटेल, पण हा थर माणसाच्या केसाहून शेकडो पटींनी पातळ. त्यात खडूचा कण म्हणजे घरंगळत आलेली दरड. रेघ कडेला होती खरी, पण भुकटी रोलरवर चढली, आणि रोलरनं ती फिल्मभर वाटली.

डॉक्टरीणबाई धुळीच्या मागे लागल्या. हवेच्या जाळ्या बदलल्या, शाई पुन्हा गाळली, फिल्म पाठवणाऱ्यांशी वाद घातला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. रोज सगळ्यांना गोळा करून विचारायच्या, काही नवीन आत आलंय का, कुणी काही आणलंय का. बाई तिथेच उभ्या असायच्या, ॲप्रनच्या खिशात खडूचा तुकडा मुठीत घट्ट धरून. घरी आल्यावर तो हात त्यांनी मला दाखवला. तळव्याच्या रेषांत पांढरी भुकटी भरली होती. त्या म्हणाल्या की आज त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं. मी म्हटलं, बाकीच्यांकडेही बघितलं असेल. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचं मला दिसलं नाही.

खडू त्यांनी त्याच दिवशी बंद केला. पण धूळ शोधणाऱ्या माणसाला धूळ थांबल्याचं समाधान नसतं, ती आली कुठून हे हवं असतं. ते सापडेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हुकूम काढला की उद्यापासून आत येणाऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, आणि झग्याची टोपी कपाळापासून हनुवटीपर्यंत आवळून बांधायची. कान आत.

बाईंनी झगा घरी आणला होता. घालून दाखवला. टोपीत मान जरा हलवली की कागद चुरगळल्यासारखा आवाज व्हायचा, आणि तो मात्र त्यांना स्वच्छ ऐकू यायचा. मी डावीकडून बोललो. काही नाही. ओरडलो. बाई वळल्या आणि म्हणाल्या, एवढ्या जोरात जोड वाजत नाही. मला हसू येणार होतं, पण त्यांचे डोळे बघून आत गेलं. कान गेला म्हणून खडू घेतला, आणि खडूमुळे उरलेला कान गेला. उरला होता फक्त उजेड. दुपारी शेडच्या खिडकीतून ऊन फिल्मवर तिरपं पडायचं, तेव्हा जोडाची कड क्षणभर चमकायची. बाईंची सगळी भिस्त त्या चमकण्यावर.

अशातच मोठ्या रोलाचा दिवस ठरला. बसथांब्यांच्या छपरांवर ही फिल्म लावायची म्हणून काही पाहुणे बघायला येणार होते. त्यांची अट एकच, अख्खा रोल एका दमात, न थांबता थर चढवून दाखवायचा. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांनाही बोलावलं, यंत्राच्या खोलीच्या काचेपलीकडून बघा म्हणून. मास्तर स्वतः शिवलेला सदरा घालून आले. मी मास्तरांना सोबत म्हणून गेलो. खरं तर मला राहवेना. बाईंनी त्या सकाळी परीक्षाही दिली नव्हती. दारात आल्या, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि जिना उतरल्या.

शेडमध्ये काचेच्या अलीकडेही मार्करच्या टोपणातला असतो तसा वास येत होता. आत पांढऱ्या झग्यांतली तीन माणसं, पण बाई ओळखू येत होत्या. लिव्हरवर हात ठेवून त्या जशा उभ्या होत्या तसं दुसरं कुणी उभं राहत नाही, माझ्यासारख्यांच्या खांद्यावर हात ठेवून चुगली करायला उभ्या असतात तशा. यंत्र सुरू झालं. फिल्म सरकायला लागली आणि हेडखालून रंग निघाला, वांग्याच्या सालीसारखा, इतका सारखा की तो हलतोय हेही कळेना. भट्टीचा पंखा घोंघावत होता. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, काठ बघा, कसा सरळ आलाय, माझ्या हातूनही असा येत नाही.

पहिला जोड आला. मला दिसला तो चमकला म्हणून. बाईंनी हेड उचललं, जोड गेला, हेड खाली. रंगात हातभर कोरी जागा, आणि पुन्हा रंग. पाहुण्यांनी माना डोलावल्या. दुसरा जोडही तसाच गेला.

मग पाहुण्यांना जवळून बघावंसं वाटलं. ते काचेच्या कडेनं पुढे सरकले आणि आमच्या बाजूच्या ज्या खिडकीतून आत ऊन जात होतं तिच्यापाशी घोळका करून उभे राहिले. फिल्मवरचं ऊन गेलं.

आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नसतं. सावली पडली, एवढंच. पण मी बाईंकडे बघत होतो. त्यांची मान आधी खिडकीकडे वळली, मग रोलरकडे, मग पुन्हा खिडकीकडे. त्या वाकल्या. टोपीसकट कान रोलरच्या इतका जवळ नेला की शेजारच्या झग्यानं हात पुढे केला. मला वाटलं काचेवर हात मारून पाहुण्यांना बाजूला करावं, आणि मी तसाच उभा राहिलो, कारण तसं केलं तर का केलं हे सांगावं लागलं असतं. फिल्म सरकत होती. लिव्हरवरचा त्यांचा हात उठला आणि पुन्हा लिव्हरवर बसला, तो मला काचेतून दिसला. मास्तरांनाही दिसला असावा. त्यांनी माझी बाही पकडली.

बाईंनी लाल बटण दाबलं.

सगळं थांबलं. शाईची कड तुटली आणि हेडखाली तिचा ओघळ जमला. भट्टीत अडकलेली फिल्म सुरकुतली, जळकट वास आला. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टरीणबाई झग्याच्या टोपीला हात लावत धावत आत गेल्या, त्यांच्यामागे दार उघडंच राहिलं, आणि पंखाही बंद पडलेला, त्यामुळे पुढचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जोड कुठे आहे. बाईंनी रोलरकडे बोट केलं. डॉक्टरीणबाईंनी फिल्म मागे चाचपत नेली, रोलपर्यंत नेली. जोड नव्हता. तो अजून रोलाच्या पोटात होता, बराच आत. बाई कशालाही न घाबरता उभ्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं. अख्खा रोल वाया गेला तो नसलेल्या जोडासाठी.

"मग का थांबवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. टोपी होती म्हणून त्यांनी तेच आणखी मोठ्यानं विचारलं.

बाईंनी टोपीची दोरी सोडली. केस घामानं चिकटले होते.

"मला ऐकू येत नाही, डॉक्टर. बरेच दिवस झाले. जोड येतोय की नाही ते मला कळत नाही."

मग बाईंनी खडूचंही सांगून टाकलं. ठिपक्यांचं, रेघांचं, खिशाचं. डॉक्टरीणबाईंनी ऐकता ऐकता स्वतःची टोपी काढली. त्यांचा चेहरा आधी रागानं ताठ झाला, तो मी पाहिला, आणि तसा होणं वावगंही नव्हतं, महिनाभर त्या भिंतींना दोष देत होत्या. खडू तुमचा का, एवढंच त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, यजमानांचा.

आता सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उघड्या दारातून आत शिरले, झगा नाही, काही नाही, बाहीला दोरे लटकतायत, आणि बाईंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मास्तर तिथेच खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले. धुळीचं नंतर बघू, असं डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

पुढचं थोडक्यात. पाहुणे त्या दिवशी चहा पिऊन गेले. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा जवळजवळ गेलाय, डावाही उतरणीला आहे. चिकटपट्टीच्या कारखान्यातला वर्षानुवर्षांचा गोंगाट आहेच, पण गोंद पातळ करायच्या द्रव्याच्या वाफाही कानाला बाधतात म्हणाले, आणि शाईतल्या वाफाही त्याच भाऊबंदांतल्या. डाव्या कानाला जपायचं असेल तर हेडपासून लांब राहा. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी ठेवलं असतं तरी बाईंना राहता आलं नसतं. आणि डॉक्टरीणबाईंनी ठेवलंही नाही. खरं ते लिहिलं पाहिजे. भल्या बाई आहेत, पण हेड एकच आहे.

लिव्हरवर आता दुसरा माणूस असतो, आणि जोडांना लाल पट्टी. पाहुणे पुन्हा आले तेव्हा रोल एका दमात झाला. बाई तेव्हा पलीकडच्या खोलीत होत्या. तिथे वाफा नाहीत, यंत्र नाही, एक लांब टेबल आणि फिल्मचे कोरे रोल. बाई रोल जोडतात. दिवसभर, एका टोकाला दुसरं टोक. पॅकिंगच्या बाकाहून बरं, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

जिना बाईंशी आता फार मोठ्यानं बोलतो, तेही उजवीकडून. इस्त्रीवाली तर खालूनच हाक मारते आणि चारही मजले ओ देतात. मास्तरांनी मात्र एक शिस्त लावून घेतलीय, मशीन थांबवून उठतात, बाईंच्या समोर येऊन उभे राहतात आणि मगच बोलतात. त्यामुळे त्यांच्याकडे शिवायला टाकलेल्या कपड्यांना पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. माझा कोट अजून बाहीविना आहे.

आमची सकाळची परीक्षा चालूच आहे. बाई पाठ करून उभ्या राहतात, मी डावीकडून बोलतो. कधी त्या लगेच म्हणून दाखवतात. कधी मधला एखादा शब्द गळतो. तेव्हा त्यांचे खांदे जरासे वर चढतात, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणतो, किंचित मोठ्यानं, जणू पहिल्यांदा मीच नीट म्हटलं नव्हतं. त्यांना ते कळतं. परवा असाच शब्द गळला. खांदे खाली यायला फार वेळ लागला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वहिनी, आता लिव्हर नाही, हेड नाही, जोड कुणाच्या अंगावर येत नाही, मग भीती तरी गेली असेल ना तुमची.

बाई वळल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "जाते कुठे? आहे की. उजव्या बाजूला बसवलीय तिला, त्या कानानं मला काही ऐकू येत नाही."